वाचक विचारतात: लेझरचा एक झटका आणि इलेक्ट्रॉनची कोंडी

मागच्या अंकात आपण एक छोटी चौकट छापली होती. काही सेंद्रिय स्फटिकांवर लेझरचा अगदी छोटा, फेम्टोसेकंदातला (फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाख-अब्जावा भाग) झटका मारला तर एरवी वीज अडवणारा पदार्थ क्षणभर धातूसारखा वागतो, एवढंच त्यात होतं. चौकट दहा ओळींची, पण मेल आणि पत्रं एवढी आली की या वेळचं सगळं सदर त्यांनाच देऊन टाकलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं नेहमीप्रमाणे गाळलीत.

प्रश्न: मी रसायनशास्त्र शिकवते. कार्बनचे पदार्थ म्हणजे मेण, साखर, प्लास्टिक, यातून वीज जात नाही असं आम्ही शाळेपासून सांगत आलो. मग सेंद्रिय पदार्थ "धातू" कसा होतो? (शिक्षिका, लातूर)

मॅडम, तुम्ही शिकवता ते बरोबरच आहे, बहुतेक सेंद्रिय पदार्थांतले इलेक्ट्रॉन आपापल्या रेणूत घट्ट बसलेले असतात. पण काही चपटे रेणू असे आहेत की ते इलेक्ट्रॉन सहज देऊन टाकतात, आणि पत्त्यांच्या गड्डीसारखे एकमेकांवर रचले जातात, म्हणजे शेजारच्या रेणूंचे ढग एकमेकांत थोडे शिरतात आणि इलेक्ट्रॉनला पुढे सरकायला वाट मिळते. यातला सगळ्यात प्रसिद्ध रेणू टेट्राथायाफुल्व्हालीन, थोडक्यात टीटीएफ, त्यात गंधकाचे चार अणू असतात. १९७३ साली टीटीएफ आणि टीसीएनक्यू या दोन रेणूंचं मीठ (खायचं नव्हे, धन आणि ऋण भाराच्या रेणूंचा क्षार) अमेरिकेत तयार झालं आणि ते खरोखरच धातूसारखी वीज वाहायला लागलं. मग १९८० मध्ये डॅनिश रसायनशास्त्रज्ञ बेखगार्ड यांच्या मिठात भौतिकशास्त्रज्ञ झेरोम यांच्या पॅरिसजवळच्या ग्रुपला अतिवाहकतासुद्धा सापडली, म्हणजे रोध शून्य, अर्थात त्यासाठी साधारण १२ हजार वातावरणांचा दाब आणि १ केल्विनच्या खालचं, म्हणजे उणे २७२ अंश सेल्सिअसच्याही खालचं तापमान लागलं.

आज आपण ज्या स्फटिकांबद्दल बोलतोय ते मुख्यतः बीईडीटी-टीटीएफ या रेणूचे, लॅबमध्ये सगळे त्याला नुसतं ईटी म्हणतात. एक थर ईटीचा, एक थर ऋण आयनांचा, परत ईटीचा, अशी रचना. आणि हे स्फटिक बनवतात कसे हे तुम्हाला आवडेल म्हणून सांगतो. इंग्रजी एच अक्षराच्या आकाराची काचेची नळी, मधे जाळीदार काच, दोन्ही बाजूंना प्लॅटिनमच्या तारा, आत ईटीचं द्रावण, आणि त्यातून एखादा मायक्रोअँपिअर एवढाच करंट सोडायचा आणि नळी कुणी हात लावणार नाही, धक्का बसणार नाही अशा ठिकाणी आठवडेच्या आठवडे ठेवून द्यायची. मग तारेच्या टोकाला काळे, चकचकीत, मिलिमीटरभराचे तुकडे लटकलेले दिसतात, काही वेळा त्याहूनही लहान. करंट वाढवून घाई केली तर खूप सारे आणि निरुपयोगी स्फटिक मिळतात. एवढं करून ते ठिसूळ, चिमट्यात जरा जोरात धरले की गेले. फेम्टोसेकंदाच्या बातम्यांमागे ही आठवड्यांची वाट असते, पण ती चौकटीत येत नाही.

प्रश्न: बँड थिअरीप्रमाणे बँड अर्धा भरलेला असेल तर पदार्थ धातू असायला पाहिजे. मग असे स्फटिक मुळात इन्सुलेटर का असतात? आणि "कोरिलेटेड" म्हणजे नक्की काय? (बीएस्सी फिजिक्स, सांगली)

परीक्षेत विचारला तर भल्याभल्यांची विकेट जाईल असा प्रश्न आहे हा. बँड म्हणजे इलेक्ट्रॉनना मिळू शकणाऱ्या ऊर्जांचा पट्टा, आणि बँड थिअरी असं धरून चालते की प्रत्येक इलेक्ट्रॉन आपला एकटा फिरतोय, बाकीच्यांचा त्याच्यावर फक्त सरासरी परिणाम. पण इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात आणि काही पदार्थांमध्ये हे ढकलणं एवढं जोरात असतं की सरासरी काढून चालतच नाही, त्यांनाच कोरिलेटेड म्हणतात. निकेल ऑक्साइडच्या बाबतीत ही गोची १९३७ मध्येच लक्षात आली होती, ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ नेव्हिल मॉट यांनी त्यावर पुढे विचार केला म्हणून अशा पदार्थांना मॉट इन्सुलेटर म्हणतात.

लग्नातली पंगत डोळ्यासमोर आणा. प्रत्येक पानावर एक माणूस बसलाय. एका पानावर दोघं दाटीवाटीने बसू शकतात, पण त्यांना ते अजिबात आवडत नाही. आता कुणाला शेजारच्या पानावर सरकायचं असेल तर तिथे आधीच कुणीतरी आहे, म्हणजे कुणीच हलत नाही, जागा अर्ध्या रिकाम्या असूनही सगळी पंगत जाम. दोघांनी एका पानावर बसण्याची जी किंमत तिला हबर्ड यू म्हणतात, आणि शेजारी सरकण्याची जी सहज ओढ तिला टी. यू मोठा असेल तर इन्सुलेटर, टी मोठा असेल तर धातू. सगळा खेळ या दोघांच्या तोलावर.

आणि सेंद्रिय स्फटिकांची खरी गंमत अशी की यातले कितीतरी नेमके या तोलाच्या काठावरच उभे असतात. कप्पा जातीच्या (कप्पा हे ग्रीक अक्षर, रेणूंच्या एका मांडणीचं नाव) ईटी मिठात क्लोरीन असेल तर मॉट इन्सुलेटर, त्याजागी ब्रोमीन टाकलं तर तोच स्फटिक साधारण १२ केल्विनला अतिवाहक. क्लोरीनवाल्याला नुसता तीनशे वातावरणांचा दाब दिला, जो या क्षेत्रात किरकोळ समजतात, तर तोसुद्धा अतिवाहक होतो. त्याहून भारी म्हणजे ब्रोमीनवाल्यातल्या ईटीचे आठ हायड्रोजन काढून ड्युटेरियम, म्हणजे हायड्रोजनचाच जड भाऊ, लावलं, म्हणजे रासायनिकदृष्ट्या काहीच बदललं नाही, तरी स्फटिक परत मॉट इन्सुलेटरच्या बाजूला झुकतो. मला विचाराल तर लेझरवाल्यांनी हे पदार्थ का पकडले याचं उत्तर इथेच आहे. जो पदार्थ हायड्रोजनच्या वजनाने हलतो तो प्रकाशाने का नाही हलणार?

दुसरं कारण घड्याळाचं. यांच्यात टी अगदी कमी, ०.१ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या (हे ऊर्जेचं छोटं एकक) आसपास किंवा त्याच्याही खाली. प्लँकच्या स्थिरांकाला त्याने भागलं की इलेक्ट्रॉनच्या एका उडीचा काळ मिळतो, साधारण ४० फेम्टोसेकंद. ऑक्साइडमध्ये हेच काम यापेक्षा बऱ्याच कमी वेळात उरकतं. म्हणजे १० फेम्टोसेकंदाचा लेझर हातात असेल तर सेंद्रिय स्फटिकात इलेक्ट्रॉनची उडी चालू असतानाच तिला गाठता येतं.

प्रश्न: मी कारखान्यात इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होतो, आता रिटायर आहे. आमचा चांगल्यातला चांगला ऑसिलोस्कोप नॅनोसेकंदात (सेकंदाच्या अब्जाव्या भागात) दमायचा. फेम्टोसेकंद हे लोक मोजतात कशाने? (नाशिक)

काका, स्कोपने मोजतच नाहीत, आरसा सरकवून मोजतात! खरंच. एकाच लेझरमधून निघालेला झटका दोन भागांत फोडतात. पहिला जोरदार, त्याला पंप म्हणतात, तो स्फटिकाला हलवतो. दुसरा अगदी कमजोर, त्याला प्रोब म्हणतात, तो मागून येऊन फक्त बघतो की स्फटिकावरून किती प्रकाश परत येतोय. या दुसऱ्याच्या वाटेत एका सरकत्या गाडीवर आरसे बसवलेले असतात. गाडी ०.१५ मिलिमीटर मागे घेतली की प्रकाशाला जाऊन-येऊन ०.३ मिलिमीटर जास्त कापावे लागतात, आणि तेवढं अंतर कापायला प्रकाशाला बरोबर १ पिकोसेकंद, म्हणजे हजार फेम्टोसेकंद लागतात. १ फेम्टोसेकंद हवा असेल तर गाडी ०.१५ मायक्रॉन हलवायची, हे आजच्या स्टेजना सहज जमतं. डिटेक्टर हळू असला तरी चालतो, कारण त्याला फक्त एवढंच सांगायचंय की या उशिराला परत आलेला प्रकाश सरासरी किती. वेळ मोजली जाते ती अंतरात.

प्रत्येक उशिराला हजारो झटक्यांची सरासरी घेतात, मग गाडी पुढे, परत सरासरी, परत पुढे. रात्र जाते एका आलेखात. त्यात स्फटिक क्रायोस्टॅटमध्ये, म्हणजे अतिथंड ठेवणाऱ्या भांड्यात, तांब्याच्या ठोकळ्यावर चिकटवलेला, आणि थंड करताना घाई झाली तर तो तडकतो, किंवा तडकला नाही तरी ईटीच्या टोकाचे भाग वेडेवाकडे गोठून बसतात आणि मोजमाप वेगळंच येतं. तुमच्यासारख्या हात बसलेल्या माणसांची तिथे किती गरज असते हे लॅबवाल्यांना विचारा.

एवढे छोटे झटके मिळतात कसे हेही दोघा-तिघांनी विचारलंय. थोडक्यात: टायटेनियम-सफायर लेझर, आणि झटका आधी ताणून, मग वाढवून, मग परत आवळायची युक्ती, जी डोना स्ट्रिकलंड आणि जेरार्ड मुरू यांनी १९८५ मध्ये काढली, त्यासाठी २०१८ चं नोबेल. फेम्टोसेकंदात रासायनिक क्रिया बघितल्याबद्दल अहमद झेवैल यांना त्याआधी १९९९ मध्ये रसायनशास्त्राचं मिळालं होतं. २०२३ चं भौतिकशास्त्राचं अॅटोसेकंदांना मिळालं, ते आणखी हजार पट छोटे. पण आपल्या स्फटिकांचं काम फेम्टोसेकंदात भागतं.

प्रश्न: सरळ विचारतो. लेझर मारला की वस्तू तापते. तापली की इन्सुलेटरचा धातू होतो. यात नवीन काय? उगाच क्वांटम क्वांटम करायचं म्हणून करतात का? (आयटी इंजिनिअर, पुणे)

रोखठोक प्रश्न, आणि या क्षेत्रातले लोक स्वतःलाही हाच प्रश्न विचारत असतात, निदान विचारायला तरी पाहिजे. आधी हिशेब करू. समजा पंप झटक्यात दर चौरस सेंटिमीटरला १ मिलिजूल ऊर्जा आहे आणि ती सगळी स्फटिकाच्या वरच्या १०० नॅनोमीटरमध्येच शोषली गेली. म्हणजे तिथे दर घन सेंटिमीटरला १०० जूल झाले. सेंद्रिय स्फटिकाची उष्णताधारकता खोलीच्या तापमानाला घन सेंटिमीटरला दीड जूलच्या आसपास धरली तर तापमान साठ-सत्तर अंशांनी चढतं. मूळ स्फटिक थंड असेल तर आणखीनच, कारण थंडीत उष्णताधारकता घसरते. तेव्हा "उष्णता नगण्य आहे" असं कुणी म्हणालं तर झटक्याची ऊर्जा किती होती हे आधी विचारायचं. तुमची शंका फालतू नाहीये.

पण तापायला वेळ लागतो. प्रकाश आधी इलेक्ट्रॉनला पकडतो, मग इलेक्ट्रॉन आपली ऊर्जा रेणूंच्या थरथरीला देतात, मग ती थरथर सगळीकडे पसरते तेव्हा आपण म्हणतो तापलं. यात पिकोसेकंद जातात. आणि त्याच्या आत, पहिल्या शंभरेक फेम्टोसेकंदांत जे दिसतं त्याला उष्णता म्हणता येत नाही, कारण तेव्हा तापमान नावाची गोष्टच धड ठरलेली नसते. ईटी-एफटूटीसीएनक्यू हा एक-मितीय मॉट इन्सुलेटर आहे, इलेक्ट्रॉनची जणू एकच लांब पंगत. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्याच्यावर १० फेम्टोसेकंदांचे झटके मारले, तेही खोलीच्या तापमानाला. झटक्याने एक जण उठून शेजारच्या पानावर जाऊन बसतो, एक पान रिकामं, एकावर दोघं. आता हे रिकामं पान आणि दाटीचं पान एकमेकांना लागून असू शकतात, किंवा मधे एक साधं पान सोडून. आणि क्वांटमच्या जगात या दोन्ही गोष्टी एकदम चालू असतात आणि त्यांच्यात एक ठेका धरला जातो, २५ टेराहर्ट्झचा, म्हणजे दर ४० फेम्टोसेकंदांनी एक हेलकावा. तो प्रयोग करणाऱ्यांना परत आलेल्या प्रकाशात दिसला. नुसत्या तापण्याने असा ठेका येत नाही हो.

दुसरं उदाहरण जुनं आहे आणि माझं आवडतं आहे. टीटीएफ-सीए. यात टीटीएफ आणि क्लोरॅनिल आळीपाळीने रचलेले. खोलीच्या तापमानाला रेणू जवळजवळ उदासीन, आणि ८१ केल्विनच्या खाली अचानक टीटीएफकडून क्लोरॅनिलकडे बराचसा विद्युतभार सरकतो आणि स्फटिक आयनिक होतो. देवघेव साधारण ०.३ इलेक्ट्रॉनवरून ०.६ च्या आसपास जाते, अर्धवट आकडे आहेत पण निसर्गाला त्याचं काही वाटत नाही. १९९० मध्ये कोशिहारा, तोकुरा आणि मंडळींनी दाखवलं की प्रकाशाने हा बदल घडवता येतो, आणि एका फोटॉनमागे एकच जोडी बदलते असं नाही, तर अनेक जोड्या एकामागून एक उलटतात, कारण एक जोडी आयनिक झाली की शेजारच्यांनाही तेच सोयीचं पडतं. इथे तुमच्या शंकेचं उत्तर जरा जास्त नीट मिळतं. तापवलं तर स्फटिक आयनिकचा उदासीन होईल, फक्त एकाच दिशेने. प्रकाशाने दोन्ही दिशांना नेता येतं, उदासीनचा आयनिकसुद्धा. २००३ मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या सिंक्रोट्रॉनवर (इलेक्ट्रॉन गोल फिरवून प्रखर क्ष-किरण काढणारं यंत्र) क्ष-किरणांनी रेणूंची मांडणीच बदलताना पाहिली गेली, इलेक्ट्रॉन आधी आणि रेणू त्यांच्या मागून, शेकडो पिकोसेकंदांनी.

आता तिसरं, जे बघून मला स्वतःला वाटलं की उष्णतेचा मुद्दा निदान काही ठिकाणी तरी निकालात निघाला. अल्फा-ईटी-ट्रायआयोडाइड नावाचं मीठ आहे. १३५ केल्विनच्या वर धातू, खाली भार आळीपाळीने जास्त-कमी असा पट्ट्यापट्ट्यांनी गोठतो आणि वीज बंद. २००७ मध्ये जपानमधल्या इवाई यांच्या ग्रुपने दाखवलं की गोठलेल्या अवस्थेवर झटका मारला की पट्टे वितळतात आणि धातू मिळतो. ठीक, इथे तुम्ही म्हणाल तापलं, वितळलं. पण त्याच ग्रुपने २०१४ मध्ये उलटं करून दाखवलं. स्फटिक वितळलेल्या, धातूच्या अवस्थेत ठेवला, आणि ७ फेम्टोसेकंदांचा इन्फ्रारेड झटका मारला ज्यात प्रकाशाची लाट जेमतेम दीड वेळा वर-खाली होते, आणि विद्युतक्षेत्र मात्र दर सेंटिमीटरला ९३ लाख व्होल्ट. आणि क्षणभर स्फटिक गोठला. परावर्तन पंचवीस टक्क्यांहून जास्त बदललं आणि पट्ट्यांच्या अवस्थेची खूण असलेली फट, म्हणजे इलेक्ट्रॉनला ओलांडावी लागणारी ऊर्जेतली दरी, उघडली. लेझर मारून गोठवायचं! तापवून हे होणं शक्य नाही, तापवलं तर अजून वितळेल.

हे झालं कसं, तर लाटेचं क्षेत्र एवढ्या जोरात आणि एवढ्या वेगाने उलटसुलट ओढतं की इलेक्ट्रॉनला पुढच्या रेणूवर पोचायच्या आतच मागे खेचलं जातं, आणि हिशेबात टी कमी झाल्यासारखा होतो. इथे साधारण दहा टक्के कमी झाला. तोलावर उभ्या असलेल्या पदार्थाला दहा टक्के पुष्कळ झाले. जोरदार आलटत्या क्षेत्रात इलेक्ट्रॉन जागच्या जागी अडकतो हे गणित १९८६ मध्ये डनलॅप आणि केंकरे यांनी मांडलं होतं. न्यू मेक्सिको विद्यापीठातले वासुदेव केंकरे, आडनाव बघून आपले गोव्याकडचे वाचक खुर्चीत सरसावून बसतील. त्यांचं गणित शांतपणे कागदावर होतं, आणि स्फटिकात ते दिसायला जवळजवळ तीन दशकं लागली, कारण एवढ्या छोट्या आणि एवढ्या जोरदार लाटेचा लेझरच नव्हता.

आणि हो, टी बदलण्याऐवजी यू बदलायचा मार्गही आहे. वर ड्युटेरियमवाल्या कप्पा मिठाचा उल्लेख आलाय, त्यात दोन-दोन ईटी रेणू जोडीने बसतात आणि इलेक्ट्रॉनला ती जोडी म्हणजेच एक पान. इवाईंच्याच ग्रुपने २००९ मध्ये लिहिलं की जोडीतल्या जोडीत प्रकाशाने इलेक्ट्रॉन हलवला की दोन रेणूंचं एकमेकांपासूनचं अंतर बदलतं, त्यामुळे त्या जोडीवर दोघं बसण्याची किंमतच बदलते आणि मॉट इन्सुलेटर धातूकडे सरकतो. म्हणजे बाहेरून माणसं आणून बसवली नाहीत, पानच जरा मोठं केलं.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं: कधी कधी खरंच नुसतं तापतं, आणि काही वेळा अजिबात नाही, आणि फरक करायचा असेल तर वेळ बघायची आणि दिशा बघायची.

प्रश्न: मी इथे नोकरीनिमित्त राहते. आमच्याच शहरातल्या माक्स प्लांक संस्थेने प्रकाशाने अतिवाहकता आणली असं ऐकते. भारतातले नातेवाईक विचारतात, खरं आहे का? (हॅम्बुर्ग)

ताई, तुमच्या शहराचं नाव या विषयात सारखं येतं. आंद्रेया काव्हालेरी यांचा ग्रुप तिथलाच, पदार्थाची रचना आणि गतिकी यासाठीची माक्स प्लांक संस्था. २०१६ मध्ये त्यांनी पोटॅशियम घातलेल्या सी-साठवर, म्हणजे साठ कार्बनच्या फुटबॉलवर, ७ मायक्रॉनच्या आसपासचे इन्फ्रारेड झटके मारले. हा पदार्थ एरवी २० केल्विनला अतिवाहक होतो, त्यांना १०० केल्विनपर्यंत अतिवाहकासारख्या खुणा दिसल्या. हायड्रोजन नसलेल्याला सेंद्रिय म्हणायचं का हा वाद आपण लातूरच्या मॅडमवर सोडू. पुढे २०२० मध्ये त्यांनी कप्पा-ईटी-ब्रोमाइड घेतलं, हे आपलं वरचंच ओळखीचं मीठ. त्यात ईटी रेणूतला कार्बन-कार्बन दुहेरी बंध ज्या सुरात थरथरतो त्याच सुराचा झटका मारला. एरवी १२.५ केल्विनला अतिवाहक होणाऱ्या स्फटिकात ५० केल्विनपर्यंत अतिवाहकासारखी फट उघडली. आणि ही फट नुसतं थंड करून मिळणाऱ्या अतिवाहकात दिसते तशी नाहीये, म्हणून त्यांचंच म्हणणं की ही अवस्था थंड करून मिळते ती नव्हे, वेगळीच काहीतरी आहे. मला त्यात सगळ्यात रंजक हे वाटतं की दाब देऊन किंवा अणू बदलून आपण रेणूंमधलं अंतर बदलतो, इथे मात्र रेणूच्या पोटात हात घातलाय.

आता "खुणा" हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. पिकोसेकंदभर टिकणाऱ्या अवस्थेला तारा जोडून रोध शून्य आहे का ते आपल्या नेहमीच्या पद्धतीने बघता येत नाही. मग टेराहर्ट्झ प्रकाश मारून परत काय येतं त्यावरून वहन काढतात. आणि तिथे एक अडचण आहे: पंप झटका स्फटिकात जेवढा खोल जातो त्यापेक्षा बघणारा टेराहर्ट्झ झटका खोल जातो, म्हणजे वरचा बदललेला पापुद्रा आणि खालचा न बदललेला भाग दोन्हींचं मिळून उत्तर येतं, ते वेगळं करायला मॉडेल लागतं. कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठातल्या स्टीव्ह डॉज आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये सी-साठच्या बाबतीत नेमकं हेच पकडलं: झटका वाढवत गेलं की परिणाम एका मर्यादेला टेकतो हे धरलं नाही तर साधं वाढलेलं वहनसुद्धा अतिवाहकतेसारखं दिसू शकतं. ही टीका जोरदार आहे आणि वाद मिटलेला नाही. दुसऱ्या बाजूला, त्याच सी-साठमध्ये १० टेराहर्ट्झच्या आसपासचा सूर वापरला तर शंभर पट कमी ऊर्जेत तोच परिणाम मिळतो आणि खोलीच्या तापमानालाही नॅनोसेकंदभर खुणा टिकतात असं हॅम्बुर्गनेच २०२३ मध्ये दाखवलं. २०२४ मध्ये त्यांनी तांब्याच्या ऑक्साइडमध्ये, म्हणजे सेंद्रिय नव्हे, चुंबकीय क्षेत्र बाहेर ढकललं जातं हेही मोजलं. तो पुरावा वेगळ्या वाटेने येतो म्हणून मला जास्त वजनदार वाटतो. सेंद्रिय मिठात असंच कुणी केलं तर मी पहिल्या रांगेत.

नातेवाइकांना सांगायचं तर असं सांगा: प्रकाशाने इलेक्ट्रॉनचं वागणं बदलतं हे नक्की, क्षणभर वहन प्रचंड वाढतं हेही नक्की, त्याला अतिवाहकता म्हणायचं का यावर अजून भांडण चालू आहे. आणि "लेझरने बिनविजेची ट्रेन" असलं काही व्हॉट्सअॅपवर आलं असेल तर पुढे पाठवू नका.

प्रश्न: याचा उपयोग काय? मोबाइल फास्ट होणार का? (तिघांनी विचारलंय: ठाणे, अकोला, मडगाव)

लवकर तरी नाही. फेम्टोसेकंद लेझर टेबलभर जागा खातो, स्फटिक ठिसूळ, आणि बरेच प्रयोग थंडीत. लोकांच्या डोक्यात जे आहे ते म्हणजे प्रकाशाने चालणारा स्विच. आजचा ट्रान्झिस्टर सेकंदाला काही अब्ज वेळा उघडझाप करतो, आणि इलेक्ट्रॉनची अवस्था शंभर फेम्टोसेकंदांत बदलून तेवढ्यातच परत आली तर तो वेग हजार पटींनी पुढे जाईल. ईटी-एफटूटीसीएनक्यूमध्ये हे परत येणं खरंच शेकडो फेम्टोसेकंदांत होतं, म्हणून त्याचं नाव या चर्चेत येतं. अडचण अशी की परत येताना ती ऊर्जा उष्णता होऊन स्फटिकातच राहते, आणि स्विच सेकंदाला लाखो कोटी वेळा चालवायचा तर वर पुण्याच्या मित्रासाठी केलेला साठ-सत्तर अंशांचा हिशेब परत आठवा. लॅबमध्ये सेकंदाला साधारण हजार झटके मारतात, मधे स्फटिकाला थंड व्हायला मिलिसेकंद मिळतो. स्विचला तो मिळणार नाही.

प्रश्न: मी अकरावीत आहे. मला हे काम करायचंय. जपानलाच जावं लागतं का? तुमच्या उत्तरात सगळी नावं तिकडचीच असतात. (कणकवली)

नाही रे बाबा, लगेच नाही जावं लागत. जपानी नावं जास्त येतात याचं कारण साधं आहे, तिथे सेंद्रिय स्फटिक वाढवणारे रसायनशास्त्रज्ञ आणि लेझरवाले भौतिकशास्त्रज्ञ कित्येक दशकं एकमेकांच्या शेजारी काम करतायत, स्फटिक हवा असला की जिन्यावरून खाली जाऊन आणायचा. पण फेम्टोसेकंद लेझर शिकायला मुंबईत कुलाब्याची टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) आहे, पुण्यात आयसर (विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) आहे, इंदूरला राजा रामण्णा केंद्र आहे. तू आत्ता बारावी नीट कर, आयसरच्या प्रवेश परीक्षेची माहिती काढ, आणि फिजिक्सचा नाद आहे म्हणून केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला दांडी मारू नकोस. लेझर पैसे दिले की विकत मिळतो. चांगला कप्पा-ईटीचा स्फटिक कुणीतरी एच आकाराच्या नळीपाशी बसून वाढवावा लागतो, आणि ज्याच्याकडे तो असतो त्याला जगभरातून मेल येतात.